डाव्या कानाचं टोक

बिळात हात घालायचा तर खांद्यापर्यंत घालावा लागतो,
गाल मातीला टेकवून.
पिल्लाने करंगळी चावली
की मी वहीत एक रेघ ओढते.
गेल्या साली कड्याच्या उत्तरेला
सत्तेचाळीस बिळं, एकोणीस रेघा.
बाकी पिसं.
एका बिळाशी नुसते पाय, राखाडी, पडद्यांचे,
जेवताना काटे काढून ठेवावेत तसे बाजूला.

कागारो वर्षाला एकच अंडं घालते.
गेलं तर गेलं. पुन्हा पुढच्या वर्षी, त्याच बिळात, त्याच नराबरोबर.
दिवसभर समुद्रावर, आणि अंधार पडला
की तान्ह्या पोरासारखी केकाटत घरी.
अझोर्सच्या या बेटावर
पाहुणे पहिल्या रात्री दचकून उठतात.
आम्हांला त्या आवाजाशिवाय झोप नाही.

मासळीचा कारखाना बंद पडला,
माणसं कॅनडाला गेली,
मांजरं राहिली.
झुल्मिरा त्यांना रोज संध्याकाळी धक्क्यावर
बांगड्याची उकडलेली डोकी घालते.
बारा मांजरं, बारा नावं.
बाराव्या बोक्याला तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव: ऑनोफ्रे.
म्हणते, दोघांनाही रात्री कुठे जाता असं विचारायची सोय नाही.

सभेत फिर्मिनो म्हणाला, विष घाला,
एका रात्रीत निकाल.
कोणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही.
गाव डोळे मिटून दूध पीत बसलं.
मीसुद्धा. माझ्या पिशवीत वही होती
आणि त्या क्षणी मला ते पटलं होतं,
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
झुल्मिरा उठली.
"पहिला घास मला," म्हणाली,
आणि शाल खुर्चीवरच विसरून गेली.

मग मोठ्या बेटावरून डॉक्टरीण आली,
लिओनिल्द, बोटीत ओकून ओकून पिवळी पडलेली,
सोबत आठ पिंजरे.
शाळेच्या बाकावर पाच दिवस
तिने मांजरं भुलीखाली झोपवली, टाके घातले,
डाव्या कानाचं टोक कापलं,
म्हणजे पुन्हा कुणी त्याच जिवाला धरू नये.
धक्क्यावरची परत धक्क्यावर.
कड्यावर जाणारं मात्र कड्यावर परत जायचं नाही.

अकरा सार्डिनला भुलली.
बारावा नाही.
मी तीन रात्री दगडाआड बसले,
तो पिंजऱ्याला वळसा घालून
माझ्याकडे बघत बिळांकडे गेला.

चौथ्या रात्री झुल्मिरा कडा चढून आली,
गुडघे दुखतात तरी.
जमिनीवर बसली, पिंजरा मांडीशी ओढला,
आणि नवऱ्याला हाक मारावी तशी हाक मारली.
तो आला. शेपूट उभी करून आला.
ज्या हाताने भरवलं त्याच हाताने तिने दार पाडलं.
खाली उतरताना एवढंच बोलली:
"चार दिवस तो मला शिव्या घालेल.
तू घालू नकोस त्याला."

आता तिच्या परसावर
नवऱ्याची जुनी जाळी ताणलेली आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत.
खाली ऑनोफ्रे, जाडा, चिडका, एका कानाने आखूड.
रात्री तोही केकाटतो.
कधीकधी मला कळत नाही,
हा तो, की कड्यावरची ती.

यंदा सव्वीस रेघा.
काही बिळांत अजून पिसं आहेत.
उंदीर असतील, लिओनिल्द म्हणते,
मांजरं हटली की उंदरांचंही बघावं लागतं.
बघू.

ऑक्टोबरअखेर पिल्लं पहिल्यांदा उडतात
आणि दिव्यांना चंद्र समजून रस्त्यावर पडतात.
काल पहाटे झुल्मिराचा फोन:
"एक पडलंय माझ्या दारात.
सार्डिनच्या खोक्यात ठेवलंय, भोकं पाडून.
ऑनोफ्रे जाळीशी बसलाय, हलत नाही.
लवकर ये.
आणि वही आण,
हे तुझ्या रेघांतलं आहे का, बघायचंय मला."