गोल आणि तिरकी रेघ

पायरी सुरू करताना आकड्याभोवती गोल.
संपली की गोलावरून तिरकी रेघ.
आमच्या कागदांना एवढंच व्याकरण होतं.
एकतीस वर्षं लॉर्न मॅकिलव्री ह्याच भाषेत बोलला,
घरीसुद्धा, असं त्याची बायको सांगते:
वाणसामानाच्या यादीत दुधाभोवती गोल,
फ्रिजचं दार लागलं की रेघ.

मी कार्यपद्धती विभागात.
डिसेंबरात, ह्यूरन सरोवर काठाकाठानं गोठत असताना
माझ्या टेबलावर खोकी आली.
अकराशे चाळीस कार्यपद्धती,
उन्हाळ्यातल्या शटडाऊनच्या आत
टॅबलेटवर चढवायच्या.

कागदाला वास होता
टर्बाइनच्या तेलाचा, रबरी हातमोज्यांचा.
चौदाव्या पानावर कॉफीच्या मगाचं खळं,
चंद्राला पडतं तसं.
आणि समासात पेन्सिल:
हा व्हॉल्व्ह आधी ऐक, मग फिरव.
इथलं गेज खोटं बोलतं, शेजारचं बघ.
ग्लेनिस म्हणाली थांब. थांबलो. बरं झालं.

संगणकाला समास नसतो.
रकाने होते: क्रमांक, कृती, अपेक्षित मूल्य, सही.
'बरं झालं' ह्यातल्या कशात बसवू?
बैठकीत विचारलं. कुणी हसलं नाही.
तमारानं मुद्दा लिहून घेतला,
कागदावर.

तांबड्या रेघेपलीकडे गेलेला कागद परत येत नसे.
लॉर्न आतून काचेला पान चिकटवायचा,
मी बाहेर उभी राहून आकडा आकडा उतरवायची,
तो रेघ दाखवी, मी रेघ मारी.
मग ते मूळ पान पिवळ्या पिशवीत,
बोळे आणि बूटझाकण्यांच्या सोबतीनं,
किरणोत्सारी कचरा.
किती अक्षर पुरलंय आम्ही ड्रममध्ये,
त्यातलं पुष्कळसं लॉर्नचं, डावखुरं.

मार्चमधल्या एका रात्रपाळीला पहिली चाचणी.
दुसऱ्याचं बाळ धरावं तसा त्यानं टॅबलेट धरला.
हातमोज्यातलं बोट त्याला ओळखू येईना,
लॉर्न पुटपुटला, मला तरी कुठं ओळखतोस.
खाली गेला. व्हॉल्व्हच्या बिल्ल्यावर कॅमेरा धरला.
पडदा लाल:
हा व्हॉल्व्ह युनिट दोनचा आहे.
तुमचं काम युनिट तीनवर आहे.

दोन्हीकडचे बोळ सारखेच, आरशात बघावे तसे.
तोच हिरवा रंग, तीच गुणगुण.
कागदानं मुकाट्यानं सही घेतली असती.

हे त्यानं मला स्वतःहून सांगितलं,
सांगायची सक्ती नव्हती.
उपाहारगृहात, पहाटे पाचला, सूप निवत होतं.
म्हणाला, पूर्वी किती वेळा झालं असेल असं?
आणि कागद गप्प बसला असेल?
मी मिठाची पुडी फाडत राहिले.
दप्तरखान्यात तीस वर्षांची पानं आहेत,
एकूण एक गोलावर रेघ.

एप्रिलात मी एक रकाना वाढवून घेतला. टीप.
दोनशे चाळीस अक्षरांची मर्यादा, त्यासाठीही भांडावं लागलं.
लॉर्ननं एका बोटानं टाइप केलं, बराच वेळ लावून:
आधी ऐक. त्याच्याही आधी बघ
कुठल्या दारानं आलास.
ग्लेनिसचं वाक्य मी जसंच्या तसं घातलं.
ग्लेनिस कोण, असं नवी पोरं विचारतात.
विचारू देत.

आता तो 'पूर्ण' दाबतो, खूण हिरवी होते,
तरी नखानं काचेवरून एक तिरकी रेघ ओढतोच.
सतरा नंबरच्या टॅबलेटवरची पातळ फिल्म
चरे पडून धुरकट झाली आहे.
ती बदला असं भांडारातून दोनदा कळवलंय.
बदलायचा अर्ज माझ्या खणात आहे,
सहीवाचून.
तो अजून कागदीच निघतो.