डावीकडचा

मेरापीची राख तीन दिवस पडत होती,
तरी मांडव झाडला, पडदा धुतला,
रात्रीचा खेळ ठरल्याप्रमाणे उभा राहिला.
बाबांच्या पाठीमागे बसणं हे माझं काम :
पेटीतून चामड्याच्या बाहुल्या काढून द्यायच्या,
उजवे उजवीकडे, डावे डावीकडे,
आणि दिव्यातलं खोबरेल संपू द्यायचं नाही.

उजवीकडे धर्म असतो.
हे आमच्या गावात बोलता येण्याआधी कळतं.
उजवीकडच्यांची नाकं बारीक, नजर खाली,
पाऊल टाकतात तेही जमिनीला विचारून.
डावीकडे लाल तोंडं, बटबटीत डोळे, थोराड हसू.
आणि डावीकडेच, केळीच्या आडव्या सोटात रोवलेला
हा एक,
ज्याचं नाक बारीक आहे.
आजोबांनी याचा डोळा सगळ्यात शेवटी कोरला होता
आणि त्या दिवशी ते जेवले नव्हते म्हणे.

दार्मिनकाका साखर कारखान्याचा पहारेकरी.
संपाच्या साली सगळं गाव फाटकाबाहेर,
काका आत, हातात कंदील.
मालकाने काकूच्या ऑपरेशनचे पैसे भरले होते.
बाबा बाहेर होते, सगळ्यात पुढे.
तेव्हापासून अकरा वर्षं
एका विहिरीवर दोन दोर.

काका आज आला होता.
पडद्यापलीकडे, जिथून नुसत्या सावल्या दिसतात,
तिथे खांबाआड.
मी खोकल्यावरून ओळखलं.
बाबांनीही ओळखलं असणार,
कारण विदूषक लवकर आटोपले.

मध्यरात्रीनंतर धाकटा एकटाच भेटायला येतो.
म्हणतो, इकडे ये.
न्याय इकडे आहे, तुलाही ठाऊक आहे.
यावर डावीकडच्याचं उत्तर जुन्या भाषेत आहे,
चाळीस ओळी, खाल्ल्या मिठावर, दिल्या शब्दावर,
बाबांना झोपेतही येतात,
म्हाताऱ्यांचे ओठ सोबत हलतात.

बाबांनी त्यातली एकही म्हटली नाही.

"मला ठा-ठाऊक आहे,"
डावीकडचा म्हणाला.

काका असाच अडखळतो,
शब्दाच्या उंबऱ्यावर पाय लागल्यासारखा.

"ठाऊक आहे न्याय कुठे आहे.
पण माझी भूक आधी तु-तुमच्याच दारात आली होती.
दार बंद होतं."

कुणी हसलं नाही.
काशाच्या घंटांवरचे हात
तसेच वर राहिले.
धाकट्याने काहीतरी बोलायला हवं होतं,
तो बाबांच्या उजव्या हातात नुसता हलत राहिला.
मी तेल घालायला विसरले.
पडदा पिवळा होत गेला, मग तपकिरी,
मग बाबांनी न वळता कोपराने मला ढोसलं.

तीनच्या सुमारास बाण लागतो.
मेलेली बाहुली बाबा मागे भिरकावतात,
मी झेलते, पेटीत टाकते,
लहानपणापासून एकही पाडलेली नाही.
मी ओंजळ धरून बसले होते.
त्यांनी त्याला मांडीवर आडवा ठेवला
आणि उरलेलं युद्ध
एका हाताने लढवलं.

पहाटे धर्म जिंकला.
दरवेळी जिंकतो.
पानात बांधलेला भात वाटला, कोंबडे आरवले,
लोक चपला शोधत राखेतून घरी निघाले.
बाबांनी एक पुडी माझ्याकडे सरकवली.
"खांबाआड कुणी बसलं होतं,
त्याला दे."
नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

काका सायकलच्या सीटवरची राख
सदऱ्याच्या टोकाने पुसत होता.
पुडी घेतली, हँडलला अडकवली,
बराच वेळ मेरापीकडे बघत राहिला,
मग म्हणाला :
"डावीकडच्याच्या खांद्याचा दो-दोरा झिजलाय.
हात उचलला की सावली थरथरते.
सांग त्याला.
पुढच्या खेळात गळून पडेल."