व्हय, तेच

परभणीत बर्फाचा कारखाना होता, स्टेशनमागं.
आता तिथं मंगल कार्यालय आहे, पार्किंगची सोय असलेलं.
तेव्हा मे महिन्यात डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत यायचं
आणि कारखान्याच्या दारात उभं राहिलं की
पोटऱ्यांना गार वारा लागायचा, अमोनियाच्या वासाचा.
लग्नाला बर्फ इथूनच, मयतालाही इथूनच,
पुण्याहून लेक येईपर्यंत बापाला ठेवायचं म्हणून.
माझे वडील लाद्या कापायचे, करवतीनं,
लाकूड कापावं तशा.

कॉम्प्रेसरसोबत एक माणूस आला होता, चेकोस्लोवाकियाचा,
तीन महिन्यांसाठी. मशीन रुसलं, चौदा महिने राहिला.
समोरचे चार दात नव्हते.
आम्हाला वाटलं, दारू. नाहीतर बायको.

एका दुपारी लाईट गेली, आणि त्यानं पाकिटातून
मासिकाचं एक पान काढलं, घड्यांवर फाटलेलं.
चौदा गडी, हातात वाकड्या काठ्या, पायांत सुऱ्या,
आणि मागच्या रांगेत, बरोबर मधोमध,
एक कुंडी. फुलांची.
खांद्याला खांदा लावून उभी.
वडील म्हणाले, साहेब, ही कुंडी काऊन मधीच?
साहेबानं तिच्यावर बोट ठेवलं, मग आपल्या छातीवर.
‘वोयतेख.’
वडिलांना ऐकू आलं, व्हय, तेच.
तेव्हापासून गावभर तो व्हयतेच साहेब.

बाकीचं मुनीरचाचांनी सांगितलं,
थोडं त्याच्या इंग्रजीतून, थोडं मनानंच.
गोठलेल्या तळ्यावरची हॉकी. हा गोलकीपर.
त्याच्या आधी त्या मुलखात गोलकीपर म्हणजे
दाराला लावलेला अडसर.
हा दार उघडं टाकून पुढं आला.
पहिल्या हिवाळ्यात लोकांनी शिव्या दिल्या,
तिसऱ्या हिवाळ्यात गावोगावचे अडसर पुढं यायला लागले.
मग सरकार बदललं. खानावळीत कुणीतरी काहीतरी बोललं.
सहा वर्षं खाणीत.
वर आला तेव्हा फोटोत कुंडी होती.
चित्रकार चांगला व्हता पण, चाचा म्हणाले,
पानांच्या शिरासुद्धा काढल्यात बघ.

कारखान्याची फरशी शहाबादी, बर्फाच्या चुऱ्यानं कायम निसरडी.
तिथं त्यानं आम्हा पोरांना उभं केलं.
ट्रकच्या टायरची चकती, बाभळीच्या काठ्या,
आणि आठ दिवस काठीला हात लावू दिला नाही.
आठ दिवस नुसतं पडायचं.
हनुवटी छातीला, कोपर आत, डाव्या कुशीवर.
तळहात टेकवला की ओरडायचा त्याच्या भाषेत,
आणि नसलेले दात दिसायचे.
आई विचारायची, काय शिकायलास रे तिथं?
पडायला.
त्याला साहेब कशाला लागतो?

स्वतः तो एकदाच खेळला.
दोन पिंपांचा गोल, पायात गमबूट, पन्नाशीचं पोट.
मी चकती घेऊन निघालो, तो पुढं आला,
आणि मला पिंपं दिसेनात, मागची भिंत दिसेना,
फक्त माणूस. मोठा होत जाणारा.

गेला. एक कार्ड आलं, बर्फाच्छादित पुलाचं.
वडिलांनी ते कॉम्प्रेसरवर चिकटवलं, घामानं तेही गळून पडलं.

आता स्टेडियममागं स्केटिंगचा ओटा आहे, सिमेंटचा.
चाकांवरची हॉकी. बर्फ फक्त रसवंतीत.
मी शाळेतून रिटायर झालो तरी संध्याकाळी जातो.
क्रीडा कार्यालयाच्या फॉर्मवर रकाना असतो,
मार्गदर्शकाचे नाव.
मी माझं लिहितो. रकाना लहान असतो.

काल वळणावर सुमय्याला धक्का लागला, अकरा वर्षांची पोर.
हनुवटी छातीला, कोपर आत, डाव्या कुशीवर.
धूळ खाली बसायच्या आत उभी.
गुडघे झटकत म्हणाली, सर, असंच ना?

व्हय, तेच.