उभयता

वकील म्हणाला, पंचवीस हजार.
दहा आत्ता, उरलेले तारखेतारखेला.
आम्ही एकमेकांकडं पाहिलं,
दीड वर्षानं पहिल्यांदा एकदम पाहिलं,
दोघांच्या डोक्यात एकच बेरीज:
टॉवेलचे काठ शिवून माझे तीन महिने,
लूमवर त्याचे दोन, रात्रपाळी धरून.
जिना उतरताना अंबादास म्हणाला,
एवढ्यात तर लग्न झालं होतं आपलं.
खोटं. मांडववाल्याचेच अठरा होते
आणि ते माझ्या बापानं दिले होते.
मी बोलले नाही.
भांडणाचं वय निघून गेलं होतं.

कोर्टाच्या भिंतीला टेकून, लिंबाखाली,
हत्तुरे टायपिस्ट.
बघा बाई, म्हणाला, वकील लागतोच असं नाही.
जज्जसाहेबांना विचारायचं, स्वतः उभं राहायचं.
फक्त भांडण नसलं पाहिजे.
भांडण आहे का?
नाही, आम्ही म्हणालो. एकदमच.
तो हसला नाही. त्याला सवय असावी.

कागद लागले. आधार, भाड्याची पावती,
लग्नपत्रिका, एका बाजूला तेलुगू, एका बाजूला मराठी,
आणि फोटो, दोघांचा, बाशिंगासकट.
झेरॉक्समध्ये हळद काळी आली.

अर्जात त्यानं लिहिलं: उभयता.
हा शब्द आम्हाला आधी एकदाच लागला होता, पत्रिकेत.
तेव्हाही छापणारा तिसराच होता.
उभयतांचे स्वभाव जुळत नाहीत.
मग टिंब.

एवढंच?
एवढंच असतंय, हत्तुरे म्हणाला.
जास्त लिहिलं की ते भांडण होतंय,
भांडण झालं की वकील लागतोय,
वकील लागला की वर्षं लागतात.

म्हणजे आतून कडी घातलेली ती रात्र नाही,
पायरीवर बसलेली मी, आणि शेजारच्या लूमची खटखट
पहाटेपर्यंत, मला कुणी ऐकू नये म्हणून जणू.
त्याची बाजू असेल, तर तीही नाही.
नऊ वर्षं, चार शब्दांत.
पानाला चाळीस रुपये दर.
स्वस्तात सुटायचं तर गोष्ट सांगायची नसते,
हे मला त्या लिंबाखाली कळलं.

(लोक म्हणतील, विणकराच्या घरातली तू,
ताण्याबाण्याचं काहीतरी बोल.
काय बोलू. मी काठ शिवते.
धागा तुटला तर नवा ओवते, दुपार होत आलेली असते.)

पोटगी? त्यानं बोटं थांबवली.
नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं.
नीट विचार करा, एकदा लिहिलं की लिहिलं.
मी म्हटलं, शिलाई मशीन माझं, असं लिहा.
आणि पितळी हंडा, अंबादास म्हणाला,
तिच्या आईचा आहे.
मी विसरले होते हंडा.
त्या हंड्यापाशी जरा अडले.

मग सहा महिने. कायदा म्हणतो, थांबा, बघा पुन्हा.
एप्रिल, मे. पत्र्याखाली रात्री एक वाजता
अंगावर ओला टॉवेल घेऊन मी पुन्हा बघत होते.
समुपदेशनाच्या मॅडमनी दोनदा बोलावलं,
चहा दिला, विचारलं. तेच सांगितलं.

दुसऱ्या तारखेला आत चार मिनिटं.
दबाव आहे का? नाही.
स्वखुशीनं? हो.
स्वखुशी. केवढा शब्द.

बाहेर त्यानं पाकिटावर लिहिलेला हिशोब काढला:
टायपिंग, नोटरी, तिकिटं, झेरॉक्स, निम्मेनिम्मे.
माझ्याकडून सत्तावीस रुपये येणे.
दिले, सुट्टे मोजून.

एकाच गाडीवर आलो होतो, रिक्षा वाचावी म्हणून.
त्यानं किक मारली
आणि माझा पाय आपसूक उचलला गेला.
मग खाली ठेवला.
सात रस्त्यापर्यंत सोडू का, म्हणाला.
नको, चालते.

हंडा रविवारी आणून दे, मी म्हटलं.
सकाळी. अकराच्या आत.