नोंदणीकृत क्रमांक

हरभट रोडच्या श्रीपाळ वस्त्रदालनात
बिल करणारा पोरगा मान वर न करता विचारतो,
नंबर?
आणि चौगुल्यांच्या घरातलं कुणीही असो,
अजून माझाच सांगतं.

चूक माझीच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत
मीच सगळ्यांना बसवून शिकवलं होतं :
पाच नंबरांवर पाच वाट्या भरू नका,
एकाच घागरीत ओता.
शंभराला एक पॉइंट, मंगळवारी दोन,
वाढदिवसाच्या महिन्यात तीन,
म्हणून आण्णांचे लेंगे जूनमध्ये,
आणि रोहिणीचे ड्रेस, तिला कितीही घाई असली तरी, ऑक्टोबरात.
सेलात कापड घ्यायचं, पॉइंट मोडायचे नाहीत.
ते राखायचे पूर्ण किमतीच्या वस्तूला,
जी घेताना हात अडतो.
माप चुकलं तर बदलून घ्या,
पैसे परत मागितले की पॉइंटही जातात.
एकतीस मार्चच्या आत मोडा, जुने मरतात.
पण खातं कधी रिकामं करायचं नाही.
थोडे ठेवायचेच.
रिकामं दिसलं की ते बंद करून टाकतात.

आक्का हसल्या होत्या.
पोरगी बँकेत शोभली असती, म्हणाल्या,
पण कॅलेंडरातल्या मंगळवारांना गोल त्यांनीच केले.

चार वर्षं झाली.
मी कुपवाडात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पावत्या फाडते.
कोर्टानं वाटायचं ते वाटलं,
भांडी, एफडी, वॉशिंग मशीन.
घागरीचं कुणी नाव काढलं नाही.

मेसेज येत राहिले.
खालची लिंक दाबली की अख्खं बिल उघडतं.
शालू एक, फेटे अकरा : रोहिणीचं जमलं.
झबली सहा, शून्य ते तीन महिने,
तीही बरोब्बर मंगळवारी.
त्याचा शर्ट चाळीसवरून बेचाळीस, मग चव्वेचाळीस :
कुणीतरी चांगलं जेवू घालतंय,
किंवा कुणीच नाही.

आणि एकदा, मांजरपाट, पांढरं, पाच मीटर.
रविवार, सकाळी सव्वाआठ.
दुकान उघडायला लावून घेतलेलं,
मंगळवारची वाट न बघता.
जूनमधले लेंगे त्या वर्षी आले नाहीत.
मांजरपाटाचेही तीन पॉइंट जमा झाले होते.
मी त्या दिवशी डबा खाल्ला नाही.
त्याहून जास्त काही करायचा
मला हक्क नव्हता.

आज अठ्ठावीस मार्च.
दुपारी पावणेचारला टेबलावर फोन थरथरला.
पॉइंट वापरण्यासाठी ओटीपी ४०७१.
दहा मिनिटं वैध. कोणालाही सांगू नका.

मला काउंटर दिसत होतं,
मागची रांग, पिशवीत चष्मा शोधणारा हात.
सहाव्या मिनिटाला रिंग.

त्रिशला?
अगं, आकडा आलाय का बघ तुझ्यावर.

चार, शून्य, सात, एक, म्हटलं मी.
त्यांनी पोराला तसाच सांगितला, तितकंच थांबत थांबत.
पलीकडे कुणीतरी टर्रकन कापड फाडलं.
मग दोघी गप्प.
अजून तीन मिनिटं वैध होती.

बेदाणा कसा हाय औंदा? आक्का.
भाव पडलाय, मी.
असंच असतंय, म्हणाल्या
आणि फोन ठेवला.

लगेच मेसेज.
एक हजार नऊशे वापरले. शिल्लक अडतीस.

बिल उघडलं नाही. काय घेतलं ते त्यांचं त्यांना.
मी अडतीसकडे बघत बसले.
पोरगा म्हणाला असेल, आज्जी, सगळेच मोडा की,
कशाला ठेवता?

मग उगाच मान वळवून
भिंतीवरचा वार पाहिला.
मंगळवार.