प्रश्न सतरावा

डुलुथच्या लॉन्ड्रोमॅटमध्ये, सहा नंबरच्या ड्रायरसमोर,
मांडीवर पुस्तक. लॉ स्कूलची परीक्षा चौदा दिवसांवर.

महापौर म्हणतात: रस्त्यावर दिवे वाढवले, चोऱ्या घटल्या,
म्हणजे दिव्यांनीच चोर पळवले.
दुकानदारीण म्हणते: त्याच वर्षी निम्मी दुकानं बंद पडली,
चोरायला उरलंच काय होतं?
तिनं महापौरांना कसं खोडलं?

दिवे तिला मान्य आहेत. आकडेही.
ती फक्त 'म्हणजे'च्या सांध्यात पाचर ठोकते.
पर्याय क: दुसरं कारण पुढे करून.
पर्याय ड, बोलणाऱ्यावरच घसरून,
तो या पुस्तकात नेहमी चूक निघतो;
मी पेन्सिलही न टेकवता पुढे जाते.

फोन. सांगलीहून हृषीकेश, तिथे उजाडतंय.
"तू गेलीस आणि आबांनी तबला सोडला."
आधी हे, मग ते.
महापौरांचंच घराणं.

माझ्याकडे क आहे.
मी निघायच्या आधीच्या मार्गशीर्षात
आबांची तर्जनी बधिर झाली होती.
'ना' वाजवायला जावं
तर नुसता लाकडाचा आवाज.
"हृषीला सांगू नकोस," म्हणाले
आणि हातोडी गवसणीत घालून ठेवली.

ड्रायर थांबतो.
काचेआड माझे मोजे, एकमेकांत अडकलेले.

"तू तरी कधी बसलास त्यांच्यासमोर, ऐकायला?"
मी म्हणते.

ड.

तो गप्प. बहुतेक चहा गाळतोय.
हात लावून बघते, मोजे अजून ओलेच.
आणखी दोन क्वार्टर टाकते.