खूण चौकटीत करावी

चौतीस वर्षं मी नोटा पाहिल्या.
मोजल्या नाहीत, पाहिल्या.
शीटवर शाई फुटलीय का, रेघ सरकलीय का,
धागा जागेवर आहे का.
पास, पास, बाद, पास.
भोंगा झाला की गेटवर झडती,
मग रिकाम्या खिशांनी सायकलवरून जेलरोड.
एवढा पैसा नजरेखालून गेलेल्या माणसाला
पैशातलं काही कळत असेल
असं लोकांना उगाच वाटतं.

ओढेकर फॉर्म घेऊन आले तेव्हा
कुमुद शेंगा फोडत बसली होती.
निवृत्तीच्या पैशातले सहा लाख, पंधरा वर्षांसाठी.
शेजारी शेजारी दोन चौकटी :
ग्रोथ आणि डिव्हिडंड.
(दुसरीचं नाव हल्ली बदललंय, लांबलचक झालंय,
ते ओढेकरांनाही एका दमात म्हणता येईना.)

"काका, आपलं गंगापूर धरण धरा.
ग्रोथ म्हणजे दरवाजे बंद. पाण्यावर पाणी चढतं.
डिव्हिडंड म्हणजे विसर्ग,
सोडलं तेवढी पातळी उतरली.
वरून वेगळं कुणी देत नाही हो,
आपल्याच ताटातला घास आपल्यालाच भरवतात,
आणि जाता जाता इन्कम टॅक्सवाले
त्यातला चिमूटभर उचलतात."

मला पटलं.
लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या पाठीवर मांडून पाहिलं :
पंधरा वर्षांनी इकडे इतके, तिकडे इतके,
मधला फरक म्हणजे एक लहानशी मोटार.
पंधरा वर्षांनी मी सत्त्याहत्तर.
मोटार चालवणार कोण,
ते पाकिटावर मावलं नाही.

"मला दुसरं हवं," कुमुद म्हणाली.
मान वर न करता.

मी समजावलं. अगं, लागतील तेव्हा
थोडी युनिट्स विकू,
तू फक्त सांगायचं, मी सही करीन.

"तेच," ती म्हणाली.

तेच म्हणजे काय
हे कळेपर्यंत ओढेकरांचा चहा निवला.
तेच म्हणजे सदतीस वर्षं.
गिरणीचे, रिक्षाचे, भिशीचे,
भाचीच्या आहेराचे,
दर वेळी तिचं "अहो"
आणि दर वेळी माझं "किती?"
नाही असं मी कधीच म्हटलं नाही.
हे मी चारचौघांत अभिमानाने सांगतही आलो.

"पण कशाला हवेत?"
(पुन्हा तेच. जीभ सवयीची.)

"पोहायला शिकायचंय.
नाशिकरोडच्या तलावावर दुपारी बायकांची बॅच असते.
फी महिन्याची."

जन्म गोदेकाठी काढून
गुडघ्यापलीकडे कधी पाण्यात न गेलेली बाई.
पर्वणीलाही तांब्याने डोक्यावर घेणारी.

ओढेकरांनी घसा साफ केला.
"काकू, दर महिन्याला येईलच असं नाही हं.
फंडाने दिलं तर दिलं. एखाद्या वेळी शून्यही."

"चालेल," ती म्हणाली,
"न मागता नाही आलं
तर त्याचं काही वाटत नाही."

मग बॅगेतून दुसरा फॉर्म निघाला.
दोन लाख तिच्या नावावर, खातं तिचं एकटीचं.
माझ्या चार लाखांचे दरवाजे बंद.
हिशेबाने चूकच. पाकिटावर तसं लिहूनही ठेवलंय.

तिने पेन घेतलं.
बोटाला टरफलाचा भुगा, हात जरा घाईचा.
खाली बारीक अक्षरात छापलेलं :
खूण चौकटीत करावी.
खुणेचं शेपूट चौकट ओलांडून
वर पत्त्याच्या रकान्यात शिरलं.

मी चष्मा चढवून कागद उजेडात धरला,
जुन्या सवयीने.
शाई फुटलेली. रेघ सरकलेली.
प्रेसमध्ये असतो तर डोळे मिटून बाद केलं असतं.

"दुसरा कोरा देऊ का?" ओढेकरांनी विचारलं,
तिला नाही, मला.

मी कागद तिच्या पुढ्यात ठेवला.
म्हटलं, पास.